विहिरीत उतरलेले गोटेमामा

"सुरुंग लावाचा असन, तर पहिले मले इथंच गाड बे!"

पंचवीस हात खोल कोरड्या विहिरीतून गोटेमामा ओरडत होते. तो आवाज पार दूर मलाजखंडला पोचला आणि तिथल्या खाणीतल्या डंपरांनी जागच्या जागी ब्रेक मारले, असं मी सांगतो. पटत नसेल त्याने आमच्या विहिरीत ओरडून पाहावं.

विहीर किरनापूरच्या आमच्या घरामागची. दोन महिने खणूनही तळाशी नुसता काळा दगड. आई रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला हातपंपावर जायची. पाण्यानं भरलेला पितळी गुंड वाहून तिचा एक खांदा चार बोटं खाली आला होता. बाबांनी ठरवलं होतं, आज सुरुंग, त्यानंही पाणी लागलं नाही तर विहीर बुजवायची. सुरुंगवाला वरून विनवत होता, "काला पत्थर है मामाजी, बारूद के बिना नहीं टूटेगा."

मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते. उकव्याच्या मँगनीज खाणीत जन्म घालवून आमच्या शेजारी राहायला आलेला हा माणूस दगड चाटायचा. ओला झाल्याशिवाय दगड खरं बोलत नाही, हे त्यांचं मत. आणि पाणी कशाला वाया घालवा, म्हणून जीभ. तहसील कचेरीची पायरीसुद्धा त्यांनी सोडली नाही. चपराशी धावून आला तेव्हा म्हणाले, "गाळाच्या दगडाची आहे. झिजन लवकर, सायबाले सांग."

चहाच्या टपरीवर त्यांचं एकच प्रवचन. "माणसायच्या जाती मी मानत नाही. दगडायच्या तीन मानतो. एक आगीचा. धरतीच्या पोटातला रस गोठून झालेला. पोटातच हळूहळू गोठला तर दाणे मोठे, वर येऊन झटक्यात गोठला तर बारीक. दुसरा गाळाचा. पाण्यानं रेती-चिखल आणला, थरावर थर बसला, दबून दगड झाला. तिसरा सोसलेला. कोणताही दगड खोल दाबला गेला, तापला का, न वितळताच रूप बदलते. आपलं उकव्याचं मँगनीज पहिले समुद्राचा गाळ होतं. दगडाले जात बदलता येते, मंग माणसायले काहून नाही?"

यावर टपरीतले सगळे आपापल्या कपात पाहायचे.

त्या सुरुंगाच्या दिवशी त्यांनी विहिरीच्या तळचा कपचा चाटला आणि उन्हात धरला. "काळा दिसला का आगीचाच असते का? अभ्रक चमकून राह्यलं. पानं पानं आहेत, उभी. सोसलेला आहे हा. पाणी या पानायच्या फटीतून येईन, अन् तुमच्या बारुदीच्या भुकटीनं फटीच बुजतीन." त्यांनी एका अंगाला खडूनं रेघ मारली. "इथं सब्बल चालवा. तीन दिवस."

"अन् नाही लागलं तर?" बाबांनी विचारलं.

"तर बुजव. मी आतच बसतो."

पहिले दोन दिवस पहारीखालून दगडाच्या भुग्याशिवाय काही निघालं नाही. मामांनी जेवणही दोरीनं खाली मागवलं. तिसऱ्या दुपारी रेघेजवळचा दगड घामेजला, मग धार लागली. मी सांगताना ती मांडीएवढी करतो, होती करंगळीएवढी. पण संध्याकाळपर्यंत मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. पहिली बादली त्यांनी आईच्या नावानं वर पाठवली.

नंतर ते मुलाकडे मलाजखंडला राहायला गेले. गेल्या वर्षी एका सकाळी मुलाचा फोन आला. मी मागच्या अंगणात गेलो. आई विहिरीवर दोर सोडायच्या बेतात होती.

"गोटेमामा गेले गं."

तिनं दोर गुंडाळला, बादली कठड्यावर पालथी घातली.

"हौ," ती म्हणाली. "आज पाणी नाही काढत."