कुशनमास्तरांच्या दंडावरचे डाग

बेकरीवाली नवऱ्याला लाटण्याने बडवते, अशी कुजबुज त्या गल्लीत बरेच दिवस चालली होती. पुरावा म्हणून लोक तिच्या नवऱ्याचे, म्हणजे सोफे बनवणाऱ्या कुशनमास्तरांचे हात दाखवत. दंडावर काळानिळा डाग, मनगटावर जांभळा, कोपरापाशी पिवळा पडत चाललेला जुना. शिवाय बेकरीवालीचे दंडही सगळ्यांनी पाहिलेले. रोज पोतंभर मैदा तिंबणारी बाई. मनात आणलं तर मास्तरांची घडी घालून कपाटात ठेवील, यावर गल्लीचं एकमत होतं.

तिच्या कानावर हे आलं ते पाव न्यायला आलेल्या एका बाईंकडून. सुटे पैसे घेता घेता त्या हळूच म्हणाल्या, "जरा हात आवरत जा हो."

बेकरीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीव टाकत होती ती त्या माणसावर. मास्तरांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत मागे अडथळा निघाला, तिथे स्टेंट बसला. तो प्रकार निवतोय तोवर तेच हृदय ठेका सोडून धडधडायला लागलं. मधेच धावायचं, मधेच अडखळायचं. अशा हृदयात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी कायमची लावून दिली होती. त्या गोळीने थोडे डाग उठतात, हे बेकरीवालीला माहीत होतं. पण इतके? दवाखान्यात ती विचारायला गेली, की मास्तर बाह्या खाली ओढून मोकळे. म्हणे, सोफ्याची चौकट लागली. रोज कुठल्या ना कुठल्या सोफ्याने याच माणसाला बरं गाठावं.

शेवटी वन्सं आल्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. त्यांनी भावाचा हात पाहिला, ओट्यावरचं लाटणं पाहिलं, आणि थोडे दिवस त्याला आपल्याकडे नेते म्हणाल्या.

"खुशाल न्या," बेकरीवाली म्हणाली. "आंघोळीलाही चारदा हाका माराव्या लागतात, तेवढं बघा."

आठवडा व्हायच्या आत वन्संचा फोन. मास्तर पलंगाला धडकले होते, मांडीवर बशीएवढा डाग उठला होता, आणि सकाळपासून हिरड्यांतलं रक्त थांबत नव्हतं. शेजारणी आता वन्संच्या यजमानांच्या काठीकडे बघायला लागल्या होत्या.

"अगं, आम्ही हात लावला नाही त्याला."

"मी तरी कुठे लावला होता, वन्सं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आणखी काय घेता म्हणून विचारलं. मास्तर छताकडे बघायला लागले. तेव्हा वन्सं सहज बोलून गेल्या, की हा रोज चहा झाला की खिळ्यांचा डबा उघडून बसतो. बेकरीवालीने मास्तरांच्या पिशवीतून तो डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. खिळ्यांत जुन्या गोळीची पट्टी निघाली. स्टेंटच्या वेळची, तीही रक्त साकळू न देणारी, डॉक्टरीणबाईंनी कधीच बंद केलेली.

"सोफ्याला खाली पट्टे लागतात आणि वर स्प्रिंगाही लागतात," मास्तर म्हणाले. "एक काढून टाक म्हणणारा कारागीर मी पाहिलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. स्टेंट आता जुना होऊन बसला आहे, तुमच्या बाबतीत दोन्ही कामं नवी गोळीच करते, हे त्यांनी पुन्हा एकदा समजावलं. दोन्ही एकदम घेताय, आज मांडी आपटली, उद्या डोकं आपटलं तर रक्त आत वाहत राहील, म्हणाल्या.

बेकरीवाली खिळे गोळा करत होती. "मला का नाही सांगितलंत?"

"तू बंद केली असतीस."

"केली असती. आणि गल्लीत तोंड वर करून चालले असते."

जुनी गोळी सुटली, तसं हिरड्यांतलं रक्त थांबलं. डागही हळूहळू गेले. नणंदेने दम दिला म्हणून बाई सुधारली, असं गल्लीने ठरवून टाकलं. बेकरीवालीने नवऱ्यावर कधीच हात उचलला नव्हता. तो बंद केलेली गोळी चोरून खात होता.