गणपाच्या पोटाचं दर्शन

आमच्या उचगावात गणपती रिक्षावाल्याच्या पोटाला फार मान. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत एकच वण, दोरखंडासारखा जाड. मागं गणपाचं आतडं फुटलं आणि पोटभर पू झाला. डॉक्टरनी वय, ताप, लघवी, रक्ताचे रिपोर्ट सगळं मांडून त्याच्या बायकोला, मीनाबाईला, सांगितलं, "अशा शंभरातले तीसेक वाचतात." गणपा त्या तिसांत निघाला.

तेव्हापासून कुणाचं पोट असं बिघडलं, की नातेवाईक गणपाला न्यायला हजर. दवाखान्यात शर्ट वर करायचा आणि म्हणायचं, "मी वाचलो की, ह्येबी वाचतील." गडी विहारात जाणारा, नवस-अंगारे न मानणारा, पण लोकांनी त्याच्या पोटाचाच अंगारा केला. मी म्हणायचो, "गणपा, तिकीट लाव की." आधी हसायचा, मग हसेना झाला. ज्यांना भरवसा दिला त्यांतले बरेच गेले, आणि त्यांच्या बायका आता वाटेत भेटल्या की मान वळवतात.

परवा मागच्या गल्लीतल्या राजमतीवहिनी आल्या. त्यांच्या नवऱ्यानं, तात्यासोंनी, पोटदुखीवर नुसता ओवा चावत दिवस काढले, अपेंडिक्स फुटलं. आता राजारामपुरीतल्या दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर. डॉक्टरनी तसाच हिशेब सांगितलेला.

"चला की भावजी."

"दमलोय वैनी," गणपा म्हणाला, आणि रिक्षा काढली. मीही मागं चढलो. फुकटची गंमत सोडणारा मी नव्हे.

आयसीयूच्या दाराशी वहिनी म्हणाल्या, "दावा की पोट. वाचतील म्हणा एकदा."

गणपाचा हात बटणापाशी गेला आणि तिथंच राहिला. "डॉक्टरनं सांगितलंय ते खरं हाय, वैनी. मी वाचलो म्हणून तात्यासो वाचतीलच असं न्हाय. मला म्हाईत न्हाय."

"मग आलासा कशाला?"

"बसायला."

आता ही बाई ह्याला हाकलणार, असं मला वाटलं. वहिनींनी बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली. "बसा. डॉक्टर भाईर आलं की उठवा मला." भिंतीला डोकं टेकलं, तोच डोळा लागला. किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक.

गणपा दाराकडं बघत बसला. मी कोपरानं डिवचलं, "आज दर्शन बंद व्हय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "वैनी उठतील."