चाकांना इजार असलेलं विमान

माझ्या सख्ख्या भावाला मी अख्ख्या शाळेपुढं खोटारडा ठरवलं होतं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मी एक विमान तपासत बसलोय. प्लास्टिकचं, सुट्या पार्टचं किट. त्याच्यासाठीच मागवलेलं.

कोरिअर आलं ते नेमकं त्याच्या दहाव्याला. बॉक्स तसाच कपाटावर टाकला. उघडायचं त्राण नव्हतं. आजही फारसं नाही.

तर हे किट घेऊ म्हणणाऱ्यांसाठी, ते कसं आहे ते सांगतो.

काम स्वच्छ आहे. पार्ट फ्रेममधून अलगद सुटतात. खिडक्यांचं प्लास्टिक नितळ. पंख एकावर एक, दोन मजली, मधे बारीक दांड्या. पंखांमधल्या तारांसाठी दोरा मात्र दिलेला नाही, आपला आपण आणायचा. इन्स्ट्रक्शन शीटवरची अक्षरं मुंगीएवढी. ज्यानं छापली त्याला म्हातारपण यायचंय अजून.

जुनं प्रवासी विमान आहे हे. असलंच एक दादानं लहानपणी हैदराबादला मामाकडं गेल्यावर बघितलं होतं, निजामाचं राज्य होतं तेव्हा.

पुढं आम्ही अणदूरला शाळेत. मी पाचवीत, दादा दहावीत. शाळेत प्रदर्शन भरलं आणि दादानं ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचं विमान केलं. पतंगाचा कागद, आईच्या शिवणाचा दोरा. पंधरा दिवस खपला त्याच्यावर.

सर बघून हसले. "हे विमान आहे का दोन मजली माळवद? पंखावर पंख कशाला?"

"असंच होतं, सर. म्या बघितलंय," दादा म्हणाला. "चालवणारा एकटाच, पार नाकात बसतो. आन् चाकांना इजार असती."

इजार म्हटल्यावर सगळी शाळा हसली.

सर माझ्याकडं वळले. "काय रे, तुझा भाऊ खरं बोलतोय का?"

पोरं माझ्याकडं बघून हसत होती. मला लाज वाटली.

"न्हाय सर. थापा मारतोय त्यो."

दादानं विमान उचललं आणि घरी गेला.

चार दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडं ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पूजेला मांडायची. विळा, खुरपं, करवत, माझी पाटीसुद्धा. आईनं मधोमध विमानाला जागा ठेवलेली.

"आण की रं तुझं इमान."

"ऱ्हाऊ दे, आई. खोटं हाय ते. खोट्याची पूजा कशाला?"

विमान त्यानं आदल्या दिवशीच चुलीत घातलं होतं. पुन्हा कधी केलं नाही. जन्मभर फिटर म्हणून राबला.

कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका पुस्तकात मला त्या विमानाचा फोटो दिसला. दोन मजली पंख, चाकांवर इजारीसारखी झाकणं. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं मला माहीत होतं की दादा खरा होता.

सांगितलं नाही.

दर दिवाळीला ठरवायचो. तो "चहा घेतलास का?" विचारायचा आणि राहून जायचं. शेवटी वाटलं, किट हातात देऊ, म्हणजे तोंडानं बोलायला नको. भित्रेपणाच तो. वय वाढलं म्हणून कमी होत नाही.

आज पार्ट न चिकटवता नुसते जुळवून बघितले.

नाकात खुर्ची एकच आहे.

चाकांना इजारी आहेत. एक डावी, एक उजवी.

ग्लू लावला नाही. फार दमलोय. तसंच त्याच्या फोटोपुढं ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, दारातल्या झेंडूचं एक फूल ठेवलं. आई असती तर तिनंच केलं असतं.

दादा, तू खरं बोलत होतास. थाप मी मारली होती.

हे तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी सगळ्यांपुढं लिहितोय, कारण त्या दिवशीही सगळ्यांपुढंच बोललो होतो.

नमस्कार करतो तुला.
तुझा धाकटा.