सुरंगी नसलेली मंगलाष्टकं

नातीने मालवणच्या बाजारातून सुरंगीचा गजरा आणला आणि माझ्या हातात ठेवला. त्या मधाळ, काहीशा उग्र वासाने मी थेट माझ्या लग्नाच्या मांडवात जाऊन उभी राहिले.

मुंबईला बोटीने जायचे ते दिवस. शेजारचा मधू कविता करी आणि त्याच्या प्रत्येक कवितेत सुरंगी असे. ती कुणाच्या केसांतली, हे गावात फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. जात वेगळी, म्हणून ते कधी ओठांवर आलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा त्यालाच म्हणाले, "तुझ्यासारखो कवी दारात असताना मंगलाष्टकां दुसऱ्याक कित्याक सांगू रे?"

"लिवतंय, काका," तो म्हणाला.

अंतरपाटाआड मी हार धरून उभी होते. मंगलाष्टकं तो स्वतःच म्हणत होता, स्वच्छ, कुठेही न अडखळता. ग्रामदेवता आली, समुद्र आला, दोन्ही घराण्यांची नावं आली. प्रत्येक कडव्याला अक्षता पडत होत्या आणि मी सुरंगीची वाट पाहत होते. ती आलीच नाही. अंतरपाट दूर झाला.

किती लवकर विसरला, या रागातच मी नवऱ्याबरोबर बोटीत बसले. तो राग मला पुष्कळ वर्षं पुरला.

आता मधूही नाही. गजरा नाकाशी धरते आणि कळतं, त्या मांडवात त्याने मला देऊन टाकलं, पण सुरंगी दिली नाही.