आफ्के, सीम आणि जॉर्जियाचे पाहुणे

हॉलंडमधल्या आमच्या लहानशा गावची बस बंद झाली तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी सभा घेतली, नगरपालिकेला अर्ज केले, दोघंतिघं तर थांब्यावरच्या बाकावर ठिय्या देऊन बसले. ती बस चालवणारी आफ्के मात्र गप्प होती. कुंपणाच्या पलीकडून मी तिला विचारलं, "अगं, तुझीच नोकरी गेली आणि तुलाच काही वाटत नाही?"

"रिकाम्या खुर्च्या आल्कमारला नेऊन परत आणायच्या, याला नोकरी म्हणत असशील तर गेली," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली.

आफ्के अशीच. उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तिचा नवरा सीम तिच्या अगदी उलट. ट्युलिपच्या कंदांची शेती करायचा आणि बोलायचा. पोस्टमनला थांबवून बोलायचा, गोगलगायींशी बोलायचा, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना शेजाऱ्याशी बोलायचा. त्याच्या घरी कॉफीला गेलं की पहिला कप थंडच व्हायचा, कारण मध्ये घोट घ्यायला तो फट ठेवत नसे.

आणि नेमकं त्याचं बोलणंच गेलं. बस बंद झाली त्याच हिवाळ्यात त्याला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले. थोडा लंगडायचा, पण सायकल चालवायला लागला. समजायचं सगळं. पण तोंडातून बाहेर पडायचे दोनच शब्द. एक "बरं तर", आणि दुसरा "मायला". कॉफी हवी असली तरी "बरं तर", नको असली तरी "बरं तर". समोरच्याला कळलं नाही की "मायला".

लोक वाईट नव्हते. उलट फार चांगले वागायचे, आणि तेच त्याला सोसवेना. बेकरीत बाई त्याच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायची, जणू तो बहिरा आहे. जुने मित्र यायचे, त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचे आणि नेमकं चुकीचं पुरं करायचे. हळूहळू त्याने बाहेर पडणं सोडलं. शेत रूड नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याला चालवायला दिलं. दाराची घंटा वाजली की मागच्या दाराने गोदामात जाऊन बसायचा. आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही, पण आफ्केच्या घराला पडदे लागले.

त्यानंतरच्या वसंतात आफ्केने नऊ खुर्च्यांची जुनी निळी गाडी घेतली. एका वेळी पर्यटकांच्या एकाच कुटुंबाला दिवसभर फिरवायचं. ट्युलिपची शेतं, पवनचक्की, मग तिची मामेबहीण त्रैन हिच्या गोठ्यावर चीज.

"तू? पाहुण्यांना माहिती सांगणार?" त्रैन तिला म्हणाली. "बारा वर्षं बस चालवलीस, 'पुढे सरका' याच्यापलीकडे तुझ्या तोंडून कुणी काही ऐकलेलं नाही."

"फुलं दिसतात की त्यांना. मी कशाला सांगू?"

पाहुणे येत राहिले आणि तिचं कमी बोलणं त्यांना आवडलंही. एक नियम मात्र तिने पाळला. कुणालाही घरी आणायचं नाही. सीमसाठी.

मी सांगते आहे ते दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातलं. रॉटरडॅमला नोकरी करणाऱ्या एका जॉर्जियन मुलीने तिच्या आईवडिलांसाठी आफ्केची गाडी ठरवली होती. आईवडील पहिल्यांदाच परदेशात आले होते. मुलगीही सोबत येणार होती, पण ऐन सकाळी तिला कामावर बोलावणं आलं. तिने दोघांना आल्कमारच्या स्टेशनवर आफ्केच्या हवाली केलं, "यांना तुमची डच भाषा येत नाही, इंग्रजीही नाही, पण माणसं समजूतदार आहेत," एवढं सांगितलं आणि परतीच्या गाडीकडे पळाली.

वडिलांचं नाव वाझा. द्राक्षांचा बागायतदार, पांढऱ्या मिशा, लाकडासारखे हात. आईचं नाव त्सियाला. तिने चांगलं ठेवणीतलं जांभळं जाकीट घातलं होतं आणि पर्समधून एक तपकिरी, गाठीगाठीची कांडी काढून आफ्केच्या हातात दिली. आफ्केला ती मेणबत्ती वाटली. तिने ती जपून गाडीच्या काचेपाशी ठेवली. त्सियालाने ती परत उचलली, टोक मोडलं आणि आफ्केच्या तोंडात घातलं. द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेले अक्रोड होते ते.

पवनचक्कीवर छान झालं. वारा बेताचा होता, पंखे फिरत होते, आणि वाझा आतल्या लाकडी दात्यांपाशी उभा राहून त्यांच्यावर ग्रीस म्हणून चोळलेल्या मेणाचा वास घेत राहिला. खाली उतरायला तयारच होईना. त्सियालाने बाहेरून हाक मारली, तिच्या आवाजावरून तिने काय म्हटलं ते आफ्केला न सांगता कळलं.

घोटाळा पुढे झाला. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. लिस गावची ट्युलिपची मोठी बाग हंगाम संपून बंद होण्याच्या बेतात होती, आसपासची शेतं एकेक करून उघडी पडत चालली होती. आफ्केचा सगळा भरवसा एकाच शेतावर होता, आणि ते होतं सीमचंच जुनं शेत, उशिरा फुलणाऱ्या लाल आणि पिवळ्या ट्युलिपचं. रूडने रविवारपर्यंत हात लावणार नाही असं सांगितलं होतं. पण उन्हाला घाबरून त्याने आदल्या दिवशी फुलं छाटायचं यंत्र घातलं. आफ्के गाडी बांधावर घेऊन आली तेव्हा समोर नुसती हिरवी पानं आणि बोडके दांडे. सरींमध्ये छाटलेली फुलं चिखलात पडलेली, लाल आणि पिवळी, कडांनी काळवंडलेली.

त्सियाला खाली उतरली. तिने हातातला फोन फोटोसाठी वर धरला होता, तो तसाच खाली आला. ती वाकली, एक फूल उचललं, जाकिटाने पुसलं. मग आफ्केकडे पाहून काहीतरी विचारलं. भाषा कळायची गरज नव्हती. कुणी केलं हे, असंच ती विचारत होती.

आफ्केने मुलीला फोन लावला. मुलीने उचलला नाही. मग तिने फोनवरचं भाषांतर उघडलं आणि त्यात स्पष्ट शब्दांत बोलली, "डोकी छाटली की खालचा कंद चांगला पोसतो." फोनने ते जॉर्जियनमध्ये काय सांगितलं देव जाणे, त्सियालाने छातीवर क्रूस काढला आणि गाडीत जाऊन बसली.

आफ्के मला नंतर म्हणाली, "मला गिअरच सापडेना. बस खड्ड्यात गेली होती तेव्हाही असं झालं नव्हतं. त्या बाई एवढ्या लांबून आल्या आणि मी त्यांना चिखल दाखवला."

काय करावं सुचेना, तशी ती जवळच्या एकाच ठिकाणी गेली. घरी. कॉफी करू, तोवर काही डोक्यात येईल. नियम तिच्या लक्षातच राहिला नाही. आठवला तो अंगणात गाडी थांबवून दार उघडल्यावर, कारण सीम समोरच उभा होता, हातात पाण्याची झारी, आणि मागच्या दारापर्यंत पळायला वेळ नव्हता.

वाझा उतरला, सरळ त्याच्याकडे गेला, हात पुढे केला आणि बोलायला लागला. भरभरून, जॉर्जियनमध्ये, समोरच्याला एक अक्षर कळत नाही याची फिकीर न करता.

सीमने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं तर."

वाझाने मान डोलावली आणि पुढे बोलत राहिला. त्याच्या दृष्टीने हा माणूस इथली भाषा बोलत होता, इतर सगळ्यांसारखीच न कळणारी. त्याने आवाज चढवला नाही, शब्द सुटे केले नाहीत, कीव केली नाही. तो हातांनी बोलत होता, आणि हात सीमचेही शाबूत होते.

त्सियालाच्या हातात ते चिखलातलं फूल अजून होतं. ते सीमला दिसलं. त्याने झारी खाली ठेवली, फुलाकडे बोट केलं, मग रूडच्या शेताकडे, आणि भुवया उंचावल्या. त्सियालाने तावातावाने होय म्हटलं.

"मायला," सीम म्हणाला, आणि त्यांना मागे यायची खूण करून लंगडत गोदामामागे निघाला.

तिथे चराच्या कडेला आपोआप उगवलेली थोडी ट्युलिप होती, कधीकाळी गोदामातून सांडलेल्या कंदांची. सीम गुडघ्यावर बसला. एक झाड मुळासकट उपटलं, माती झटकली, कंद खिशातल्या चाकूने उभा चिरला आणि तळहातावर ठेवला. जुना कंद आत सुकत चाललेला, त्याच्या कुशीत नवे पांढरे कंद धरलेले. मग त्याने त्याच झाडाचं फूल खुडलं आणि बोट दांड्यावरून खाली, खाली, कंदापर्यंत ओढत नेलं.

वाझाने वाकून तो कंद बोटाने चाचपला. मग त्याने दोन बोटांची कात्री केली आणि हवेत वेल छाटून दाखवली. इथे कापायची, तिथे कापायची, दोन डोळे ठेवायचे. आणि मग ओंजळ भरून घड लागलेला दाखवला. सीमने मान डोलावली. वाझाने बायकोकडे वळून दोन वाक्यं सांगितली. त्सियालाने कंदाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला. नवऱ्याच्या दंडावर हलकी चापट मारून ती जे बोलली, ते बहुधा "मग हे आधी का सांगितलं नाहीस" असं असावं.

चराकाठची फुलं तिने पोटभर पाहिली. सीमने तिला सगळ्यात टपोरी कापून दिली, जाकिटाला शोभतील अशी जांभळी.

आफ्के कॉफीचे कप घेऊन दारात उभी होती. तिला पुढे जाववेना, मागेही जाववेना. "मी तिथे गेले असते तर सीमच्या वतीने बोलले असते," ती म्हणाली. "सवयच लागली होती मला. म्हणून उभी राहिले."

कॉफी झाली, आणि चीजसाठी निघायची वेळ झाली, तेव्हा वाझाने सीमच्या दंडाला धरलं आणि गाडीकडे चालायला लागला. सीमने आफ्केकडे पाहिलं. तिने गाडीचं दार उघडलं. मी माझ्या स्वयंपाकघरातून पाहिलं, वर्षभरानंतर तो माणूस अंगणाबाहेर पडत होता, मागच्या खुर्चीवर, वाझाच्या शेजारी.

त्रैनने गोठ्याच्या दारात सीमला पाहिलं आणि तिच्या हातातली बादली तशीच राहिली. पण ती त्रैन आहे. "आलास?" ती म्हणाली. "मग रिकामा उभा राहू नकोस, चीज उलटायची आहेत." आणि पाहुण्यांसकट सगळ्यांना कोठीत नेलं. मिठाच्या पाण्यातून काढलेली चीजची चाकं फळ्यांवर रांगेत होती, ती रोज उलटावी लागतात. त्सियालाने बाह्या सरसावल्या. तिच्याकडेही गायी होत्या, हे तिने कोवळं चीज चाखताना दोन हातांनी दूध काढून दाखवल्यावर कळलं. मीठ कमी आहे, असंही तिने तोंड करून सांगितलं.

"सांग तिला, घरी नेऊन हवं तेवढं मीठ घाल म्हणावं," त्रैन आफ्केला म्हणाली, पण मोठी फोड कापून तिला बांधूनही दिली.

जेवणाला काळा पाव, लोणी, चीज आणि थंड ताक होतं. वाझाने ताकाचा पेला हातात घेतला आणि उठून उभा राहिला. लांबलचक भाषण केलं. मध्ये हसला, छताकडे पाहिलं, गायींकडे हात केला, शेवटी पेला सीमसमोर धरला आणि थांबला. सगळे सीमकडे पाहायला लागले. आता यालाही बोलायचं होतं.

आफ्केच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. तिने ते गिळले.

सीम उठला. टेबलाला धरून उभा राहिला. "बरं तर," तो सावकाश म्हणाला. वाझाकडे पाहिलं. "बरं तर, बरं तर." मग त्सियालाकडे, मग त्रैनकडे, प्रत्येकीकडे वेगळ्या सुरात, जुन्या सीमच्या चढउतारांनी, जिथे थांबायला हवं तिथे थांबून. मग आफ्केकडे वळला. "मायला," तो म्हणाला, आणि पेला रिकामा केला.

वाझाने त्याला मिठी मारली. त्रैन उठून खिडकी उघडायला गेली, धूर नसताना.

त्यानंतर सगळं जादूने बदललं असं नाही. पण घराचे पडदे निघाले. सीम गाडीतून जायला लागला, आधी परदेशी पाहुण्यांबरोबरच. तुर्की असोत, कोरियन असोत, त्यांच्यासमोर तो मोकळा असायचा. चराकाठी त्याने वेगळा पट्टा लावला, त्याला रूडचं यंत्र लागू द्यायचं नाही असं खुणांनीच बजावून. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जायला तो तयार झाला. पहिला नवा शब्द आला तो "नको". आफ्केने त्याला वाटाण्याचं सूप वाढलं आणि तो म्हणाला, "नको." तिने आनंदाने मला बोलावून सांगितलं, आणि सूप मला प्यावं लागलं.

खरी कसोटी यंदाच्या एप्रिलमध्ये आली. गेंटचं एक बेल्जियन जोडपं, आमचीच भाषा बोलणारं. सीम पवनचक्कीपाशी उतरलाच नाही. गाडीत बसून राहिला. त्या माणसाने आफ्केला विचारलं, "यांना बरं नाही का?"

"बरे आहेत," आफ्के म्हणाली. "शब्द यायला वेळ लागतो त्यांना. तुम्हाला घाई आहे?"

"मला? सुट्टीवर आहे मी."

चराकाठी मात्र सीम उतरला. त्या माणसाने एका झाडाकडे बोट करून नाव विचारलं. सीमने तोंड उघडलं, मिटलं. मान खाली घातली. आफ्के गाडीला टेकून उभी राहिली. तो बेल्जियनही उभा राहिला, खिशात हात घालून, फुलांवरून वारा जाताना पाहत.

"उशिरा," सीम अखेर म्हणाला. पुन्हा थांबला. "उशिरा... फुलतं."

"अस्सं," तो माणूस म्हणाला. "आणि ते पलीकडचं?"