जावईबापूंचे दोन तुकडे

मंडळी, पुतणीची लग्नपत्रिका मी करतो म्हणालो आणि अडकलो.

घरच्यांच्या नावांची फिकट नक्षी मागे छापायची. नक्षीचा एकच चौकोन पुन्हापुन्हा शेजारी लावायचा. कडेला कापलेलं नाव जोडल्यावर पूर्ण दिसतं. आज नुसता चौकोन घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच पुसदहून जावईबापूंचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा फोन.

"साळेबुवा, माह्याच नावाचे दोन तुकडे काहून केले? मी लग्नाले येत नाही!"

कडेला त्यांच्याऐवजी माझं नाव टाकलं आणि जोडून अख्खी पत्रिका पाठवली.

"वा! आता बरोब्बर मधात सोताले बसवलं!"

ताई म्हणते, हे नाही तर मीही नाही. पत्रिका उद्या छापायची आहे. तुमच्या घरात कडेला बसायला कोणी तयार असेल, तर उसना द्या.