न मोजलेल्या अळ्या

चाळिशीत पीएचडीसाठी मी प्रोग्रामिंग शिकले. सिल्लोडच्या कपाशीतल्या बोंडअळ्या हंगामभर मोजल्या होत्या. एका शेतात कीड मारायचं नवं औषध फवारलं होतं, दुसऱ्यात नाही. पहिल्याच विश्लेषणात ते औषध फारच गुणकारी दिसलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या, पण मला शंका आली. तपासलं, तर फवारलेलं शेत ओढ्यापलीकडं होतं. पुरामुळं तिथं जाता आलं नाही, त्या दिवसांच्या कोऱ्या रकान्यांत माझ्या प्रोग्रामनं शून्य अळ्या धरल्या होत्या.

"राहू द्या आता, प्रबंध तयार झालाय," मॅडम म्हणाल्या.

"मोजलंच नाही, त्याला शून्य कसं म्हणू मॅडम?"

आठवडाभर बसून मी सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. औषधाचा गुण निम्म्यावर आला. मॅडमनी नवा आलेख बराच वेळ पाहिला, मग जुनी प्रत बाजूला सारून नव्या प्रतीवर सही केली.